तीन किलो पन्नास ग्रॅम: चौथीच्या मापनाच्या नोंदी

सांगोला तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी, पट ३४, शिक्षक दोन. तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. चौथीत ११ मुलं. मापन दरवर्षी फळ्यावर घेते आणि दरवर्षी मार्चपर्यंत मुलं ते विसरून मोकळी होतात. यंदा हातांनी करून घ्यायचं ठरवलं आणि वेगळी वही घातली. तीच थोडी नीट करून इथे उतरवली आहे. ज्यांना हे वर्गात करायचंय त्यांचे माझ्याइतके दिवस वाया जाऊ नयेत म्हणून चुका काढून टाकलेल्या नाहीत.

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आधी काय येतं ते बघितलं. तोंडी विचारलं, पाव किलो म्हणजे किती ग्रॅम? ११ पैकी ९ जणांनी झटकन अडीचशे सांगितलं. सव्वा किलो सहा जणांना आलं. पाऊण लिटर पाच जणांना. दूध घालायला जाणारी पोरं आहेत, त्यांना हे शिकवावं लागत नाही.

मग तेच लिहून. ‘३ किलो ५० ग्रॅम = किती ग्रॅम?’ दोघांचं बरोबर. सात जणांनी ३५० लिहिलं, दोघांनी ३००५०. मी वहीत शेरा मारला, ‘घाई करतात.’ हा शेरा चुकीचा होता हे कळायला मला महिना लागला.

१३ नोव्हेंबर

पायऱ्या घेतल्या. किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली. व्हरांड्याला खऱ्या पायऱ्या चारच, म्हणून फरशीवर खडूने सात आखल्या. खाली उतरताना दर पायरीला दहाने गुणायचं, वर चढताना भागायचं. पोरांनी उड्या मारल्या, तिसरीची पण घुसली. वर्ग खूश, मीही खूश.

तेवढ्यात एकीने विचारलं, ‘बाई, खाली उतरल्यावर माप बारीक होतंय, मग आकडा कमी व्हायला पायजे की ओ. गुणायचं कशाला?’

मी म्हणाले, नियमच तसा आहे. वीस वर्षांच्या नोकरीनंतर असलं उत्तर दिलं याची लाज संध्याकाळी वाटली.

आणखी एक. हेक्टो आणि डेका घेऊन कुठल्या दुकानात जायचं? शेवटी फरशी पुसून घेतली. ठेवलं फक्त किलो, मधलं मूळ माप, सेंटी आणि मिली. बाकीची तीन नावं भिंतीवर लिहून ठेवली, पाठ होतील तेव्हा होतील.

१४ नोव्हेंबर

कालच्या प्रश्नाचं उत्तर बादलीत सापडलं. दहा लिटरची बादली, एक लिटरचा तांब्या, २०० मिलीचा पेला. तांब्याने बादली भरायला १० खेपा, पेल्याने ५०. मोजताना ओरडून ओरडून घसा बसला त्यांचा. मग काल विचारणारीलाच विचारलं, पेला बारीक असून आकडा मोठा का आला? ‘जास्तीदा ओतावं लागतंय म्हणून.’ बास. यापुढे ‘गुणा की भागा’ असं विचारणं मी बंद केलं. प्रश्न एकच, खेपा वाढतील की कमी होतील?

एकूण वेळ ३५ मिनिटं. पायऱ्यांनी दीड तास खाल्ला होता.

१६ ते २१ नोव्हेंबर

विधानसभेची निवडणूक. प्रशिक्षण, साहित्य, २० तारखेला मतदान. आमच्याच खोलीत केंद्र होतं आणि माझी ड्युटी दुसऱ्याच गावात. मापन शून्य. परत आले तर भिंतीवर लिहिलेल्या नावांवर मतदारांच्या सूचनांचा कागद डकवलेला होता.

२२ नोव्हेंबर

लांबी. शिंप्याच्या चार टेपा आणल्या, प्रत्येकी २० रुपये. पट्ट्या मुलांच्या कंपासमधल्या.

पहिली भानगड पट्टीची. पट्टीच्या टोकाला थोडी जागा सुटलेली असते आणि शून्य आत असतो. चौघे टोकापासून मोजत होते. दोघे १ पासून, कारण ‘मोजायला एकापासनंच सुरू करतेत’. एकाच्या पट्टीचं शून्याकडचं टोक मोडलेलं, त्याची पट्टी ३ पासून सुरू. त्याला बदलून देणार होते, पण तीच पट्टी सगळ्यांना वापरायला दिली. ३ पासून सुरू केलं तर पेन्सिल १५ वर संपते, मग पेन्सिल किती? पहिल्यांदा सगळे १५. मग वाद. मग १२. मोडक्या पट्टीने जे शिकवलं ते नव्या पट्टीने झालं नसतं. आता मी मोडक्या पट्ट्या गोळा करून ठेवते.

दहा रुपयांचं नाणं २७ मिमी भरतं. हे मोजायला सोपं आणि सगळ्यांचं उत्तर एक यायला हवं, म्हणून तपासणीला छान. सात जणांचं २७ आलं, दोघांचं २६, दोघांनी २.७ मिमी लिहिलं. पट्टीवर २.७ सेंमी दिसतं, एकक मात्र मी फळ्यावर लिहिलेलं उचललं.

दुसरी भानगड टेपेची. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. एका गटाने दाराची उंची ७८ सेंमी लिहिली. टेप ६० ला संपली म्हणून दुसरी जोडून १८ मोजले आणि बेरीज केली. बेरीज बिनचूक. त्याच गटाने एका पोराची उंची मात्र सरळ बाजूने मोजलेली, १२५ सेंमी. मी काहीच म्हणाले नाही. त्यांना वाचून दाखवलं आणि त्या पोराला दारात उभं केलं. पोरगा दारापेक्षा उंच! हसून हसून दमले. रात्री घरी बसून चारही टेपांची इंचाची बाजू निळ्या शाईने रंगवली. ‘निळ्याकडं बघायचं नाही.’ पुढे त्रास झाला नाही.

२५ नोव्हेंबर

खोलीची लांबी. ६ मीटर ५ सेंमी. सेंमीत किती? पाच जणांनी ६५ लिहिलं. मी विचारलं, ६५ सेंमी दाखवा. टेपेवर दाखवलं, म्हणजे बाकाच्या उंचीएवढं. ‘खोली एवढीच?’ लगेच खोडून ६०५. दुरुस्त झालं असं समजून पुढे गेले. इथे थांबायला हवं होतं.

२९ नोव्हेंबर

तराजू. विकतचा घ्यायला मुख्याध्यापक सर तयार होते, पण मुलांनी बनवलेला हवा होता. सामान: कपड्याचे प्लास्टिकचे हँगर तीन (घरचे), श्रीखंडाचे रिकामे डबे सहा, सुतळी. खर्च शून्य.

पहिला प्रयत्न लाकडी पट्टीचा. मधोमध भोक पाडून दोरी बांधली. अर्ध्या किलोला पट्टी वाकली. सोडून दिला.

दुसरा हँगरचा. डबे हँगरच्या दोन्ही टोकांना टांगले. वजन टाकलं की सुतळी घसरून आत यायची. जड बाजू आत आली की हलकी वाटते, आणि पोरं तक्रार करायची की तराजू लबाड आहे. तापवलेल्या खिळ्याने दोन्हीकडे खाच पाडली. पहिल्या हँगरवर खाचा एकसारख्या अंतरावर पडल्या नाहीत, तो फुकट गेला.

तिसरा जमला, तरी रिकामी पारडी एका पातळीत येईनात. डावीकडे झुकायचा. एकाचे आजोबा आठवडी बाजारात भाजी विकतात. तो म्हणाला, ‘बाई, पासंग लावा.’ पासंगालाही पुरत नाही, हे मी जन्मभर बोलत आले. पासंग कुठे लावतात ते पाहिलं नव्हतं. त्याने मातीची गोळी करून उजव्या डब्याच्या बुडाला चिकटवली, थोडी काढली, थोडी लावली, दांडी सरळ. दोन तास गेले, पण त्या पोराची कॉलर दिवसभर ताठ होती.

३ डिसेंबर

वजनं. वाळूच्या पिशव्या करायच्या: ५०, १००, २००, ५०० ग्रॅम. मापाला किराणा दुकानातली लोखंडी वजनं दुपारपुरती आणली. दुकानदार अण्णांनी दिली, पण वर सांगितलं की त्यावर वैधमापनचा शिक्का आहे, हरवायची नाहीत. मुलांना शिक्का दाखवला. वजनाचंही दर दोन वर्षांनी पासिंग होतं म्हटल्यावर त्यांना ट्रॅक्टर आठवला.

शाळेमागे बांधकामाची वाळू पडलेली. भरली, तोलली, शिवली. २२ पिशव्या झाल्या. सुंदर.

५ डिसेंबर

सुंदर कसल्या. स्वयंपाकघरात वापरतात तो डिजिटल वजनकाटा ऑनलाइन मागवला होता, तो आज आला, ४२० रुपये. पिशव्या ताडून बघितल्या तर ५०० ची पिशवी ४७१ भरली. दुसरी ४६८. १०० च्या सगळ्या ९३-९४ च्या घरात. आधी काट्यावर संशय घेतला. अण्णांचं लोखंडी वजन ठेवलं तर बरोबर ५००.

वाळू ओली होती. दोन दिवस उन्हाच्या खिडकीत पिशव्या ठेवल्या आणि पाणी उडून गेलं. सगळ्या उसवल्या, वाळू पत्र्यावर पसरून वाळवली, पुन्हा भरल्या. अख्खा दिवस गेला. वाळू आधी वाळवा, मगच भरा. आणि पिशवीसकट तोला, नुसती वाळू तोलून पिशवीत भराल तर पिशवीचे पाच-सहा ग्रॅम वर चढतात.

काट्याचीही एक गंमत. त्याला दोन बटणं, एक शून्य करायचं, दुसरं एकक बदलायचं. मधल्या सुट्टीत कुणीतरी दुसरं दाबलं. ५०० ची पिशवी ठेवली तर आकडा १७.६. मला वाटलं सेल उतरले. नवे सेल घातले, ६० रुपये. तरी तेच. अर्ध्या तासाने कळलं की काटा औंसात गेलाय. त्या बटणावर आता चिकटपट्टी आहे.

९ डिसेंबर

आजपासून खिचडीचा हिशेब चौथीकडे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीला दर मुलामागे दिवसाला तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम असं प्रमाण आहे. याच्याइतकं उदाहरण मला कुठल्या पुस्तकात मिळणार? आकडे सोपे, रोज हजेरी बदलते, आणि चुकलं तर जेवण कमी पडतं.

आज हजेरी ३१. तांदूळ ३१०० ग्रॅम हे सगळ्यांना आलं. किलोत लिहा म्हटल्यावर फळ्यावर चार उत्तरं आली: ३.१, ३.१०, ३.१००, ३१. पहिली तीन एकच आहेत हे मी सांगितलं. कुणालाही पटलेलं दिसलं नाही. डाळ ६२० ग्रॅम. तेल १५५ ग्रॅम.

स्वयंपाकाच्या मावशींना हा उद्योग मुळीच आवडला नाही. त्या स्टीलच्या डब्याने तांदूळ घेतात. त्यांचं म्हणणं, ‘माझा हात चुकत न्हाय.’ मुलांनी त्यांचा डबा तोलला. शीग लावून ७८० ग्रॅम. चार डबे घेतले होते, म्हणजे ३ किलो १२० ग्रॅम. खरोखरच हात चुकत नव्हता. मावशी वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आकडा ऐकून मगच गेल्या.

पन्नास किलोचं पोतं असंच चाललं तर किती दिवस पुरेल? भागाकार मोठा म्हणून पोरांनी रोजचे ३१०० मिळवत मिळवत नेले. १६ दिवसांना ४९ किलो ६०० ग्रॅम, उरले ४०० ग्रॅम. एकाने विचारलं, सतराव्या दिवशी चौघांनाच जेवायला द्यायचं का?

१२ डिसेंबर

आज मूळ सापडलं. हजेरी ३०, पण खाली सांडलेले तांदूळ मुलांनी वेगळे तोलले, ५० ग्रॅम. एकूण ३ किलो ५० ग्रॅम. काट्यावर ठेवलं. काटा दाखवतो ३०५०. पाच जणांच्या वहीत ३५० आणि किलोत ३.५०.

या वेळी मी खोडायला सांगितलं नाही. एकीला शेजारी बसवून विचारलं, ३.५० कसं लिहिलंस? तिने शांतपणे सांगितलं, ‘तीन रुपये पन्नास पैसे कसं लिवतेत? तसंच.’

म्हणजे घाई नव्हतीच. ती मी शिकवलेलंच करत होती. टिंबाची ओळख मी रुपये-पैशांनी करून दिली होती, ऑगस्टमध्ये. ५ रुपये ५० पैसे = ५.५०. मग ५ किलो ५० ग्रॅम = ५.५०. तिचं तर्कशास्त्र सरळ आहे. पैशांना टिंबानंतर दोन घरं लागतात, कारण रुपयात शंभर पैसे. ग्रॅमला तीन लागतात, कारण किलोत हजार. मीटर-सेंटीमीटरला दोन. हा फरक मी कधी बोललेच नव्हते. वर आणखी घोटाळा असा की या पोरांनी पैसा हातात धरलेला नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद आहेत, माझी चौथी त्यानंतर जन्मलेली. ज्याची सवय आहे त्यावरून नवं शिकवायचं म्हणतात, मी न पाहिलेल्यावरून शिकवत होते.

टिंब त्यांना आणखी दोन ठिकाणी भेटतं, तेही विचारून घेतलं. क्रिकेटमध्ये ४.३ षटकं म्हणजे चार षटकं तीन चेंडू, तिथे सहानंतर घर बदलतं. आणि २.३० वाजले म्हणजे अडीच. मुलांच्या लेखी टिंब म्हणजे मोठं आणि बारीक यांच्यामधली भिंत, एवढंच. ते चूक म्हणता येत नाही. पलीकडे किती घरं आहेत हे विचारायचं राहून जातं.

२५ नोव्हेंबरचे ६५ सेंमी हेच होते. तेव्हा ‘दुरुस्त झालं’ म्हणून पुढे गेले. सतरा दिवस.

१६ डिसेंबर

उपाय. फळ्यावर किलोच्या घराशेजारी तीन खोल्या काढल्या. ग्रॅमची शतकाची, दशकाची, एककाची. मीटरच्या घराशेजारी सेंटीमीटरच्या दोनच. लिटरशेजारी मिलीच्या तीन. नियम असा की खोली रिकामी असली तरी कुलूप लावायचं, कुलूप म्हणजे शून्य. ३ किलो ५० ग्रॅम: शतकाच्या खोलीत कुणी नाही, कुलूप. दशकात ५. एककात कुणी नाही, कुलूप. ३०५०.

पुठ्ठ्यावर घरं करून दिली, आकड्यांच्या चकत्या रिकाम्या खोल्यांत ठेवायच्या. पुठ्ठा आणि खडू मिळून ४० रुपये. पहिल्या दिवशी दोघांनी सगळ्या कुलपांची जागा शेवटी केली, ३५००. का? ‘कुलूप घराच्या भाईर असतंय.’ उपमा फार ताणू नये. ‘कुलूप’ सोडून सरळ ‘शून्य बसवा’ म्हणायला लागले.

याच्या जोडीला रोज पाच मिनिटं काट्याचा खेळ. मी वजन बोलणार, मुलांनी काट्यावर दिसेल तो आकडा आधी वहीत लिहायचा, मग पिशव्या ठेवून बघायचं. ‘दोन किलो पाच ग्रॅम’ हे सगळ्यांत जास्त पाडतं. पाच ग्रॅमची पिशवी नव्हती, तर कुणीतरी खडूचे तुकडे तोलून पाच ग्रॅम केले. काट्याने २००५ दाखवलं की वर्गात आरडाओरडा. मी बरोबर-चूक सांगितलं की असा आरडाओरडा होत नाही.

१९ डिसेंबर

लिटर-मिली. खोकल्याच्या औषधाची टोपणं आणायला सांगितली, त्यावर ५ आणि १० मिलीच्या खुणा असतात. बाटल्यांवर खुणा करायला ती पुरतात, पण दहा-दहा मिलीने लिटर भरायला कुणाचाही धीर टिकत नाही. १०० मिलीचं एक माप बाटली कापून काट्यावर तयार केलं (पाणी १०० ग्रॅम = १०० मिली) आणि मग काम सुटलं.

शाळेचा एक नळ ठिबकतो. मिनिटभर पाणी टोपणात धरलं, १२ मिली. तासाला ७२० मिली. दिवसाला १७,२८० मिली. खोल्या आखल्याच होत्या, १७ लिटर २८० मिली हे नऊ जणांनी न विचारता लिहिलं. पंधरा लिटरच्या घागरीहून जास्त. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, त्यामुळे हा आकडा घरोघर पोहोचला. दुसऱ्या दिवशी एकाचे वडील वायसर घेऊन आले आणि नळ बंद झाला. मला खरं तर तो आणखी आठवडाभर हवा होता.

२१ डिसेंबर, शनिवार

ठरवलेलं नव्हतं. सकाळच्या शाळेत एकाने विचारलं, ‘बाई, गुंठा कुठल्या पायरीवर?’ गुंठा कुठल्याच पायरीवर नाही. पण सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असतात. एक आर म्हणजे १० मीटर गुणिले १० मीटर, शंभर आर म्हणजे एक हेक्टर. मैदानात सुतळीने दहा मीटरचा चौकोन आखला. गुंठ्याची बाजू ३३ फूट. टेपेची निळी बाजू आज पहिल्यांदा वापरायला परवानगी. ३३ फूट म्हणजे दहा मीटरला साधारण सहा सेंमी जास्त. म्हणजे आर आणि गुंठा शेजारी शेजारी जवळपास सारखेच. पोरं त्या सहा सेंटीमीटरवर बराच वेळ उभी राहून बघत होती.

एकीने घरून सातबाऱ्याची झेरॉक्स आणली होती. क्षेत्र ०.८१.००. ‘यात दोन टिंबं हायती.’ पहिलं घर हेक्टर, दुसरं आर, तिसरं चौरस मीटर. ८१ आर म्हणजे दोन एकर. टिंब म्हणजे भिंत, हे त्यांचं म्हणणं इथे तर तंतोतंत खरं निघालं. मी काय बोलणार.

२४ डिसेंबर

पोषण आहाराच्या तेलाचं माप ग्रॅममध्ये आणि पिशवीवर लिटर. पिशवीवर बारीक अक्षरात ९१० ग्रॅम असंही छापलेलं होतं. ‘बाई, नव्वद ग्रॅम मारले.’ कंपनीवर थेट आरोप. पाणी लिटरला किलो भरतं हे त्यांनीच पाहिलं होतं, मग तेल कमी का? थोडं तेल पाण्यात टाकून दाखवलं. वर तरंगलं. हलकं आहे म्हणून वर, आणि हलकं आहे म्हणून लिटरभर तेल किलोला कमी. घनता हा शब्द काढला नाही.

इथे माझीच एक चूक निस्तरावी लागली. १९ तारखेला मी मोकळ्या तोंडाने ‘ग्रॅम म्हणजेच मिली’ म्हणून गेले होते. ते फक्त पाण्याचं. तिघांच्या वहीत तो नियम चौकटीत लिहिलेला सापडला, लाल शाईने.

२७ डिसेंबर

पुन्हा पहिलीच चाचणी, आकडे बदलून. ‘४ किलो ६० ग्रॅम = किती ग्रॅम?’ आठ बरोबर. एकाचं ४६०, एकाचं ४००६, एक गैरहजर. उलटं, ‘२०७५ ग्रॅम = किती किलो, किती ग्रॅम?’ नऊ बरोबर. बेरीज, ‘१ किलो ७५० ग्रॅम + ८०० ग्रॅम’: सहाच बरोबर, बाकीचे १ किलो १५५० ग्रॅमवर थांबले. चूक म्हणता येत नाही, पण हजार झाले की घर बदलायचं हे अजून पक्कं नाही.

आतापर्यंतचा खर्च: टेपा ८०, काटा ४२०, सेल ६०, पुठ्ठा-खडू ४०. एकूण ६०० रुपये. त्यातले सेलचे ६० माझ्या अडाणीपणाचे.

३ जानेवारी २०२५

सावित्रीबाईंच्या जयंतीला शाळेत भाषणं आणि नंतर मुलांचा बाजार. गवार, मेथी, लिंबं, बोरं, डाळिंबं. चौथीची पाच दुकानं, हँगरचा तराजू, वाळूच्या पिशव्या. गावातल्या बायका गिऱ्हाईक.

अर्ध्या तासात लक्षात आलं की महिनाभर शिकवलेलं कुणी विचारतच नाही. एकाही बाईने ‘२५० ग्रॅम’ म्हटलं नाही, आणि ‘पाव किलो’ही फार थोड्यांनी म्हटलं. सगळ्या म्हणतात, ‘दहाची दे.’ गवार ४० रुपये किलो, दहाची म्हणजे पाव किलो, एवढं निभावलं. मग एक आजी आल्या, ‘पंधराची दे गं.’

दुकानातली दोन पोरं माझ्याकडे बघायला लागली. पैशावरून वजन काढणं मी एकदाही घेतलेलं नव्हतं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. दुकानातली तिसरी पोरगी, १२ डिसेंबरची ‘तीन रुपये पन्नास पैसे’वाली, पुटपुटत होती. ‘दहाची पाव किलो. पाचची अदपाव.’ अदपाव हा शब्द तिला घरून आलेला, माझ्याकडून नाही.

पाव किलो तोललं, २०० आणि ५० ची पिशवी ठेवून. ते पिशवीत ओतलं. आता अदपाव, म्हणजे १२५. तिच्याकडे १०० ची पिशवी होती, २५ ची नव्हती. ती आम्ही शिवलीच नव्हती. थोडा वेळ ती नुसती तराजूकडे बघत राहिली. मग वाळूच्या सगळ्या पिशव्या बाजूला केल्या. पुन्हा पाव किलो गवार तोलली, आणि तीच गवार दोन्ही पारड्यांत थोडी थोडी वाटायला लागली. इकडची एक शेंग तिकडे, तिकडची इकडे. दांडी सरळ झाली तशी एक पारडं उचललं आणि आजींच्या पिशवीत ओतलं.

आजी म्हणाल्या, वरनं दोन शेंगा घाल. तिने घातल्या.

४ जानेवारी

२५ ग्रॅमच्या सहा पिशव्या शिवल्या. वाळू आधीचीच, वाळवलेली. सोमवारपासून ‘पंधराची किती, पंचवीसची किती’ सुरू. दर फळ्यावर मावशी लिहिणार आहेत, त्यांनीच मागून घेतलंय.